कानांचा डबा

शाळेच्या स्मरणिकेत सरांच्या वाट्याला एक ओळ आली आहे : ‘क्रीडाशिक्षक म्हणून काही वर्षे काम पाहिले.’ ती मीच लिहून दिली. स्मरणिकेचं काम बघणाऱ्या बाईंनी विचारलं, “काका, एवढंच? मोठी झालेली पोरं अजून त्यांच्या गोष्टी सांगतात.” मी म्हटलं, “जागा कमी आहे.” पुढच्या आठवड्यात त्याच बाईंचा फोन आला, की जाहिराती कमी मिळाल्या, शेवटची पानं कोरी जाताहेत, काही देता का. जागा कमी असल्याचं कारणही मग उरलं नाही, आणि हे लिहायला बसलो.

आमची शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर, सुपारीच्या वाड्या संपून सुरूचं बन लागतं तिथे. मुलं तिथेच राहतात. माझं बाजारात औषधांचं दुकान होतं आणि शाळेच्या संस्थेचा मी बिनपगारी कार्यवाह होतो. म्हणजे मुंबईच्या देणगीदारांना फोन करायचे, पाहुणे आले की शहाळी मागवायची आणि व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीवर बसायचं. कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या माझ्याच दुकानातून जात, त्यामुळे शाळेचं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज होता.

सर पहिल्यांदा भेटले ते दुकानातच. उंच, किडकिडीत, अंगात लाल बनियन, आणि खांद्यावर कोळ्यांच्या होडीवर असतो तसला एक बावटा, काठीसकट.

“कापूस द्या. कानात घालायचाय.”

“कान दुखतोय का?”

“न्हाय. चांगला ऐकू येतो. म्हणून तर.”

मी कापूस दिला. माणूस वेडा असावा, असं शेजारच्या किराणावाल्याला म्हटलं. संध्याकाळी समजलं की तो आमच्या शाळेचा नवा क्रीडाशिक्षक आहे आणि त्याच्या नेमणुकीच्या पत्रावर सही माझी आहे.

मैदानात उतरताना सर कानात कापसाचे बोळे घालत आणि वरून मेणबत्तीचं मेण लावत. पोरांना ऐकू येत नाही तर शिकवणाऱ्यालाही येता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. “मला ऐकू आलं की मी ओरडतो. ओरडलो की वाटतं सांगून झालं. आणि पोरगं आपलं उभंच.” शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. बावटा वर गेला की तयार, खाली आला की पळा. लांबच्या पोराला बोलवायचं असलं तर ते बावटा गरागरा फिरवत. एकदा त्यांना तसं फिरवताना पाहून समुद्रातली एक होडी कोणी बुडतंय की काय म्हणून किनाऱ्याला आली होती. सरांनी त्या खलाशांनाही रांगेत उभं करून शर्यत लावली.

शाळेला धावपट्टी नव्हती. ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट असते, तीच सरांची धावपट्टी. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, म्हणून खेळाचा तासही रोज पुढे सरके. मुख्याध्यापिका हैराण. वेळापत्रकात खेळासमोर सरांनी वेळ न लिहिता ‘ओहोटी’ एवढंच लिहून ठेवलं होतं. बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. मी सरांना बोलावलं. ते म्हणाले, “कार्यवाह, समुद्राला तुमचं पत्र पाठवून बघा. त्यानं ऐकलं तर मी बी ऐकतो.”

ते मला कधी नावाने हाक मारत नसत. ‘कार्यवाह’. त्या शब्दात आदर किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

एकदा वाळूवर पर्यटकांची जीप भरधाव आली. सर पाठमोरे उभे होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला आणि शेवटी सरांपासून हातभर अंतरावर त्याने करकचून ब्रेक मारला. “अरे, बहिरा आहेस का? कधीचा हॉर्न देतोय!” सरांनी कानातलं मेण सावकाश उकरलं आणि म्हणाले, “तुमचे डोळे शाबूत हायत ना? मग कानावर कशापायी विसंबता? तिकडं माझी पोरं पळतायत. त्यांना तुमचा हॉर्न काय सांगणार?” त्या दिवसापासून सराव असला की किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना लाल बावटे रोवलेले असत आणि जीप त्यांच्या बाहेर थांबत. ही व्यवस्था कोणत्याही कार्यालयाने केलेली नव्हती. ती सरांनी केली होती, आणि लोक ती पाळत.

शाळेच्या फाटकावर जुना फलक होता, ‘मूकबधिर विद्यालय’. सरांनी एका रविवारी होडीचा उरलेला निळा रंग आणून ‘मूक’ एवढं पुसून टाकलं. मी जाब विचारला. म्हणाले, “मूक कोण? जेवणाच्या वेळी वसतिगृहात येऊन बघा. एका ताटावर बसून दहा गोष्टी सांगतात एकमेकांना. भात गार होतो, पण बोलणं संपत न्हाय.” पुढे कागदोपत्री नाव बदललं तेव्हा मी भाषणात संस्थेच्या दूरदृष्टीचा उल्लेख केला. निळ्या रंगाचा केला नाही.

आणि डबा. डब्याशिवाय सरांचं चित्र पुरं होणार नाही.

आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत कानाची मशिनं फार टिकत नाहीत. घामाने भिजली की संपलीच. सरांकडे पोह्यांचा एक मोठा स्टीलचा डबा होता. त्यात ते तांदूळ कोरडे भाजून भरत. खेळायच्या आधी प्रत्येक मुलाने आपलं मशीन काढायचं, बॅटरी वेगळी करायची, आपल्या खुणेच्या कापडी पिशवीत घालायचं आणि तांदळात खोचायचं. सर डबा घेऊन रांगेपुढून जात, देवळात तबक फिरवतात तसे. मुलांनी सरांचं नाव खुणेच्या भाषेत ठरवलं होतं : कानाची पाळी चिमटीत धरायची आणि तळहातावर टाकायची. गावकऱ्यांनी त्याचं ‘कानकाढे मास्तर’ केलं.

यामागे टिकण्यापेक्षा मोठी गोष्ट होती. कर्णबधिरांच्या स्पर्धांचा नियमच आहे, की मैदानात आणि सरावाच्या जागेतही कोणी ऐकण्याचं यंत्र लावायचं नाही. कानामागचं असो, शस्त्रक्रियेनंतर डोक्याला चिकटवायचं असो, सगळं बाहेर काढून ठेवायचं. बऱ्याच पालकांना हे पटत नसे. सर्वांत जास्त पटत नव्हतं ते दर्शनाच्या आईला.

दर्शना ही कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी विकायची. पोरगी पळायला लागली की पायाखालची वाळू दिसत नसे. मुंबईत व्यवसाय करणारे आमच्या भागातले एक शेठ शाळेला मशिनं देत, त्यांतलं एक चांगलं मशीन तिला नुकतंच मिळालं होतं. पालकसभेत तिची आई उभी राहिली.

“मास्तर, इतक्या दिसांनी माज्या पोरीला मशीन मिलाला. आनि तुमी खेलताना काढून घेता? चष्मा काढायला लावता का कोनाला?”

सर म्हणाले, “चला सगळे. चपला काढा आणि वाळूवर या.”

त्यांनी पालकांची शर्यत लावली. निम्म्यांच्या कानात कापूस आणि मेण, निम्मे मोकळे. सुरुवात बावट्याने, म्हणजे ती सगळ्यांना सारखीच दिसणार. दर्शनाची आई कास्टा खोचून कानात कापूस घालून उभी राहिली. बावटा पडला तशी ती सुटली आणि सगळ्यांच्या पुढे गेली. पण मागे कोण आहे, किती जवळ आहे, हे तिला कळेना. ती सारखी मान वळवून बघे. दर वेळी मान वळली की पाऊल अडखळे. शेवटी पोस्टमनची बायको, तिचे कान मोकळे होते, सरळ समोर बघत शेजारून निघून गेली.

दर्शनाची आई कमरेवर हात ठेवून हसत सुटली. “अरे द्येवा, मागं कोन येतंय ताच कलेना!”

“कळलं आता?” सर म्हणाले. “हिला मागचं पाऊल ऐकू येत व्हतं, तुम्हाला न्हवतं. मशीन लावून एक पोरगी पळाली तर बाकीच्या तुमच्यावानी माना वळवत ऱ्हातील. चष्म्यानं असं होत न्हाय.”

“कललं बाबा, कललं. घे तुजा डबा.”

“पण पळता छान. लेक तुमच्यावर गेली हाय.”

त्या दिवसापासून ती बाई सरांची झाली. सरांना भिंग नावाचा मासा फार आवडे. चव उत्तम, पण केसासारखे काटे, म्हणून तो सहसा कोणी घेत नाही. ती सरांसाठी भिंग बाजूला काढून ठेवी. सर वसतिगृहात तो मुलांबरोबर बसून खात, आणि खाताना कोणाला बोलू देत नसत. मुलांचं बोलणं हातांत असतं. काटे काढण्यात दोन्ही हात गुंतले की ती आपोआप गप्प होत. मोठी माणसं मात्र तोंडात घास घेऊन बोलतात, असं म्हणून ते माझ्याकडे बघत.

सरांच्या गोष्टी सांगत बसलो तर पानं पुरणार नाहीत, आणि मला ठाऊक आहे की मी मुद्दाम रेंगाळतो आहे.

राज्यपातळीच्या स्पर्धा घाटावरच्या एका शहरात होत्या. दर्शना दोनशे मीटरच्या अंतिम फेरीत गेली. आमच्या शाळेतून तिथवर कोणी पोचलं नव्हतं. तिची आई मासळीची टोपली जावेकडे सोपवून आली होती आणि प्रेक्षकांत अगदी पुढे बसली होती. मी संघाचा व्यवस्थापक म्हणून गेलो होतो, गळ्यात तसं ओळखपत्र. आणि मुंबईहून शेठ आले होते, फोटोग्राफर घेऊन.

शेठ वाईट माणूस नव्हते. आपण दिलेलं मशीन लावलेली मुलगी मैदानात उभी आहे, असा एक फोटो त्यांना हवा होता. पुढच्या वर्षी आणखी लोकांकडून मशिनं मिळवायला तो उपयोगी पडला असता. ते म्हणाले, “एकच फोटो, भाऊ. तिच्या कानावर मशीन दिसलं पाहिजे.”

सर त्या वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उंच उडीच्या पोरांकडे होते. डबा बाकावर होता. सरावाच्या जागेत जाताना मुलींचे कान तपासून झाले होते. मी ओळखपत्र दाखवून आत गेलो, डब्यातली दर्शनाची पिशवी उघडली आणि मशीन तिच्या हातात दिलं. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि दूर सरांकडे बोट केलं. मला खुणेची भाषा येत नव्हती. इतकी वर्षं शाळेचा कार्यवाह, पण मी ती शिकलो नव्हतो. मी फक्त हसलो, फोटोग्राफरकडे बोट दाखवलं आणि मशीन तिच्या कानामागे अडकवलं. फोटो झाला. शेठ खूष झाले, मला घेऊन मंडपात चहाला गेले. तेवढ्यात मुलींना रेषेवर बोलावलं. घाईत तिने केसांची रुंद पट्टी कानांवर ओढली आणि तिच्याखाली ते मशीन तसंच राहिलं.

पिस्तुलाऐवजी असतो तो सुरुवातीचा दिवा लागला, मुली सुटल्या, आणि दर्शना पहिली आली. मंडपातून मी टाळ्या वाजवत होतो. कोपऱ्यातली कर्णबधिर मुलं दोन्ही हात उंचावून बोटं थरथरवत होती. ती त्यांची टाळी. दर्शनाची आई त्यांचं बघून तसेच हात हलवत होती आणि रडत होती.

सर डबा घेऊन मुलींकडे गेले. दर्शनाची पिशवी त्यांनी हातात घेतली, ती रिकामी लागली. तिचा हात आपोआप पट्टीखाली गेला, आणि तिचा चेहरा मी मंडपातून पाहिला.

मी धावत पोचलो तेव्हा ते मशीन सरांच्या तळहातावर होतं आणि दर्शनाचे हात झरझर चालत होते. ती माझ्याकडे दाखवत होती. सरांनी सगळं पाहून घेतलं, एकदा मान हलवली आणि ते पंचांच्या टेबलाकडे निघाले.

मी त्यांचा दंड धरला. “सर, कोणी पाहिलं नाही.”

“मी पाह्यलं.”

“अहो, त्यात बॅटरीसुद्धा नाही. नुसतं फोटोपुरतं. तिला काही ऐकू येत नव्हतं.”

“व्हय, न्हवतं येत. ते तुम्हाला माहीत, मला माहीत. बाजूच्या पट्ट्यात पळणाऱ्या पोरीला कसं माहीत?”

“तिची आई बसली आहे तिथे.”

“ती शर्यत पळालेली हाय. तिला कळंल.”

टेबलाशी जाऊन त्यांनी मशीन पंचांसमोर ठेवलं. पंच बुचकळ्यात पडले. स्वतःच्या विद्यार्थिनीविरुद्ध तक्रार घेऊन आलेला शिक्षक त्यांनी पाहिला नसावा. “हे राहिलं कसं?” त्यांनी विचारलं.

मी सरांच्या कोपराशी उभा होतो. मागे मंडपात शेठ उभे राहून आमच्याकडे बघत होते. सरांनीही एकदा तिकडे पाहिलं. मग म्हणाले, “डबा माझ्याकडं असतो. माझ्याकडनं राहिलं.”

मी तोंड उघडलं नाही.

पदक दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला गेलं. दर्शनाच्या आईने सरांना मैदानातच गाठलं. “मास्तर, नेम मला म्हायीत हाय. पन डबा तुमचा. आधी इसरायचा तुमी, आनि मग माज्या पोरीला चोर ठरवायला बी तुमीच जायचा? काय मिलाला तुमाला?” सर खाली बघून उभे राहिले. दर्शना आईला हातांनी काही सांगत होती, सरांची चूक नाही, नाही, असं. आईला ते कळत होतं. पण पोर आपल्या गुरूची बाजू घेते आहे, असंच तिने धरलं.

संस्थेच्या सभेत अध्यक्षांनी मला विचारलं, “कार्यवाह, तुम्ही होतात ना तिथे? काय झालं?” मी म्हणालो, “डब्यातून एक मशीन बाहेर राहिलं.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. सर समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. भरती होती. पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही.

जायच्या आधी ते दुकानात आले. कापूस घेतला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “शेठचं नाव निघालं असतं तर बाकीच्या पोरांची मशिनं गेली असती. दर्शनाला बी मी गप्प बसायला सांगितलंय. ऱ्हाऊ द्या.” त्यांनी माझ्यासाठी कारण तयार करून दिलं आणि मी ते घेतलं. पण त्यांना काढलं तेव्हा मी गप्प का बसलो, याचं उत्तर त्यात नव्हतं. शेठ पुढे वारले, मशिनं दुसरीकडून येऊ लागली, तरीही मी बोललो नाही. व्यासपीठावरची ती शेवटची खुर्ची मला फार प्रिय होती.

गावात गोष्ट तयार झाली : कानकाढ्या मास्तराने कोळ्याच्या पोरीचं पदक खाल्लं. कोणी म्हणे, दुसऱ्या जिल्ह्याकडून काहीतरी घेतलं असणार. माझ्या दुकानाच्या फळीवर बसून लोक हे बोलत आणि मी गोळ्या मोजत ऐके. सर म्हसळ्याच्या पुढे डोंगरातल्या आपल्या गावी भातशेती करू लागले. कधी एसटीने बाजाराला येत. दर्शनाच्या आईने त्यांना पुन्हा मासळी दिली नाही. ते टोपलीपुढे उभे राहिले की ती फडकं टाकून मासे झाकी. ते थोडा वेळ थांबत आणि सुकट घेऊन परत जात.

आता मला स्वतःला मशीन लागतं. मध्यंतरी शाळेत गेलो होतो. दर्शना आता तिथे खेळ शिकवते. ओहोटी होती, सराव चालू होता, आणि मी न विचारता बावट्याच्या आत शिरलो. ती रांगेपुढून डबा घेऊन येत होती. तोच पोह्यांचा डबा, सर जाताना तिला देऊन गेले होते. माझ्यापुढे ती थांबली, माझ्या कानाकडे पाहिलं आणि डबा पुढे केला. पोरं हसली. मी मशीन काढून तांदळात ठेवलं. समुद्राचा आवाज बंद झाला. समोर तिचे हात काहीतरी म्हणत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. त्या दिवशी मैदानावर ती मला नको म्हणत होती, तेव्हासारखंच.

दुसऱ्या दिवशी मी म्हसळ्याची एसटी पकडली.

सर अंगणात भात वाळत घालत होते. फार वाकले आहेत. त्यांच्याही कानामागे मशीन होतं. मी ओट्यावर बसलो आणि रस्ताभर जुळवलेलं बोलणं सुरू केलं. “सर, त्या दिवशी मैदानावर मी...”

त्यांनी हात वर केला. मशीन काढलं, आतून एक लहान डबा आणला आणि त्यात ते ठेवून झाकण लावलं.

“मला सांगून काय करता? मी व्हतो तिथं. जिला माहीत न्हाय तिला सांगा.” मग मोठ्या आवाजात, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, “चहा घेणार का?”

बाजारात सगळ्यांसमोर सांगायचं मी ठरवलं. दर्शनाच्या आईचे केस पांढरे झाले आहेत, आवाज तोच आहे. मी उभ्यानेच सांगितलं. फोटो, ओळखपत्र, माझ्या हाताने उघडलेली पिशवी, सभेतलं माझं वाक्य. शेजारच्या बायकांचे कोयते थांबले. ती मात्र मासा साफ करत राहिली. मग कोयता आडवा ठेवला.

“म्हंजे दर्शना सांगायची ता खरा होता.”

“हो.”

“इतकी वरसा त्या मानसाला मी मासली दिली न्हाय. आनि तुमाला दिली. ताजी, निवडून निवडून दिली, भाऊ.”

तिने टोपलीच्या तळातून एक मोठं भिंग काढलं, खवले काढून बर्फात घातलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

“ह्यो मास्तराना. आजची गाडी पकडा, खराब नका करू. आनि सांगा, टोपलीवरचा फडका काढलाय.”

मी निघालो तशी तिने हाक मारली. “भाऊ, उद्यापासून तुमी बाजाराच्या त्या टोकाला जा. हितं तुमाला मिलायचा न्हाय.”

शेजारणींपैकी एकजण हसली. ती हसली नाही.

एसटीत बर्फ वितळून माझ्या धोतराला मासळीचं पाणी लागलं. शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे बसला. सर ओट्यावरच होते. पिशवी बघून त्यांनी आधी वास घेतला, मग आत पाहिलं.

“तिनं दिलं?”

“तिनेच. फडकं काढलंय म्हणाली.”

“आणि तुम्हाला काय दिलं?”

“मला बंद केलं. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जायला सांगितलंय.”

सर हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, घरातून सूनबाई पाणी घेऊन आल्या, आणि त्यांच्या हातात पिशवी देत ते म्हणाले, “दोन ताटं कर. कार्यवाहांना आता मासा कोण देणार?”

ताटं आली. मी पुन्हा सुरुवात केली, “सर, खरं म्हणजे मी...”

त्यांनी आपलं मशीन काढून डब्यात ठेवलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

“काढा तुमचं बी. काट्याचा मासा हाय. लक्ष ताटात ठेवा.”